पाचर

"दोन्ही हातांनी दोन्ही बटणं दाबली तरच प्रेस खाली येते," सुपरवायझर सांगत होता. "डोकं आत राहूच शकत नाही. चूक तुमच्या वडिलांचीच, ताई."

प्रेसखाली सापडून गेलेल्या आप्पांचा, कारखान्याने परत दिलेला डबा घट्ट धरून ती त्यांच्या मशीनकडे बघत राहिली. ठोक्यांनी पायाखालची फरशी हादरत होती. आप्पांच्या जागी आता सोपानकाका होते. एका हाताने बटण दाबत, दुसऱ्याने पत्रा आत सरकवत होते. दुसरं बटण लाकडी पाचर ठोकून दाबूनच ठेवलेलं होतं.

"मग ही पाचर?"

"त्याने काम दुप्पट होतं. सगळीकडे असंच चालतं. सोमवारी धाकट्या भावाला पाठवा, याच मशीनवर घेतो. साहेबांनी शब्द दिलाय."

काकांचा हात बाहेर येताच तिने पाचर उपटून खाली फेकली. प्रेस वरच थांबली.

"शोधा ती! माल अडलाय!" सुपरवायझर ओरडला.

सोपानकाका वाकले. उभ्या जागीच त्यांनी पत्र्याच्या ढिगात चाचपून पाहिलं.

"सापडत नाही, साहेब. आता दोन्ही हातांनीच करतो," ते म्हणाले आणि पाचरीवरचा पाय आणखी घट्ट रोवला.