घुंडीसकट माप

जमिलाबीच्या अम्मीचं कपाट कळंबच्या नव्या घराच्या पॅसेजमध्ये वळणार नाही, कापावंच लागेल, असं सांगून सुतारानं करवत काढली. जमिलाबीची नात फलक मात्र कपाटाची कोरीव घुंडीसुद्धा मोजत बसली. “घुंडीबी मोजतीस? नवराबी असाच मोजून घे!” जमिलाबीनं थट्टा केली, पण नजर करवतीवरच होती. फलकनं लॅपटॉपवर कॅड या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमधला घराचा नकाशा उघडला, त्यात तेवढ्याच मापाची कपाटाची आकृती ठेवली आणि पॅसेजच्या कोपऱ्यावर फिरवली. “दादी, मागचा डावा पाय इथंच रोवला तर जातंय.” “पडद्यावर हत्तीबी जातोय,” सुतार हसला. हमालांनी फलकनं केलेल्या खडूच्या खुणेवर तो पाय टेकवून कपाट फिरवलं. घुंडी भिंतीशी येताच सगळे थबकले. जमिलाबीनं फटीला बोट लावलं. बोट शिरेना, पण पलीकडचा उजेड दिसला. कपाट वळलं. सुतारानं करवत पिशवीत घातली. “या अल्ला! एवढ्याशा उजेडातनं अम्मीचं अख्खं कपाट आलं!” जमिलाबी म्हणाली.