चहाला गेलेली वाटणी

दीपश्रीने संगणकाच्या कळीकडे हात नेला आणि वेणूबाईंनी तो मनगटाशीच धरला.

"हात लावू नको, अक्का. लावलास तर घर दुभंगलं."

कलघटगीच्या नोंदणी कचेरीत सकाळचे अकरा वाजले होते. दीपश्री हुबळीहून पहिल्या बसने आली होती. जिल्ह्यातल्या सगळ्या दस्तांचा डेटाबेस ती सांभाळायची. त्यात प्रत्येक तालुक्याचा कप्पा वेगळा, पण व्यवहारांचे क्रमांक सगळ्यांना एकाच रांगेतले. ते संपत आले होते. जुन्या नोंदी पक्क्या केल्या की क्रमांक पुन्हा वापरता येतात; पण कलघटगीत एक नोंद अर्धवट उघडी होती, आणि ती मिटेपर्यंत कुठलाच कप्पा पक्का होईना. परवापासून जिल्हाभर एकही दस्त होणार नव्हता. तिने तीनदा पत्र पाठवलं. तिन्ही वेळा उत्तर आलं, 'कार्यवाही चालू आहे.'

कार्यवाही म्हणजे काय, ते कारकून प्रभंजनने समजावलं. चौदा महिन्यांपूर्वी वेणूबाईंचे दोन मुलगे घर आणि पिठाची गिरणी वाटून घ्यायला आले. थोरल्या कृष्णाने अंगठा टेकवला. धाकटा रवी चहा घेऊन येतो म्हणून गेला, तो कचेरीत परत आलाच नाही. नको म्हणाला असता तर नोंद रद्द करता आली असती. तो चहालाच गेला होता, त्यामुळे नियमाने थांबणं भाग होतं. वीज जाईल म्हणून प्रभंजनने दोन बॅटऱ्या जोडल्या. झाडणाऱ्या बाईला त्या कोपऱ्यात मज्जाव केला. खंडेनवमीला यंत्राला झेंडूची माळ घातली. आणि कुणी चुकून वाटणी पुरी करू नये म्हणून वेणूबाई रोज समोर येऊन बसू लागल्या.

दीपश्रीने हळूच हात सोडवून घेतला. अर्धी नोंद बंद केली की पुरी होत नाही, पुसली जाते, असं तिने सांगितलं. अंगठा, अर्ज, काहीच उरत नाही.

"म्हणजे पोरांनी वाटणी मागितलीच नव्हती, असं?"

"तसंच."

वेणूबाईंनी स्वतःच कळ दाबली. आईने दाबू नये असं कुठं लिहिलंय का, ते प्रभंजन नियमांच्या पुस्तकात शोधत राहिला. पडद्यावरून दोन्ही नावं गेली. थोड्या वेळाने दीपश्रीला हुबळीहून फोन आला. कप्पे पक्के होऊ लागले होते. प्रभंजनने चौदा महिन्यांनी यंत्र बंद केलं. आता घरी जायला हरकत नाही, असं दीपश्री म्हणाली. वेणूबाई खुर्चीतून हलल्या नाहीत.

"घरी सांगू नका," त्या म्हणाल्या. "मी दिवसभर इथं अडकलेय म्हणून दोघं पोरं मिळून भाकऱ्या थापतात. आधी जळायच्या. आता फुगायला लागल्यात."

दीपश्रीने यंत्राची नेटची तार उपटून पिशवीत टाकली आणि कुणी पाहिलं तर कार्यवाही चालूच दिसावी म्हणून यंत्र पुन्हा सुरू करून दिलं.