पितळेवरचं नाव
रिसोडच्या फोटो स्टुडिओत जगदेव वस्तूंचे फोटो काढायला शिकत होता. भांडेवाल्याच्या पंच्याहत्तर सालच्या कॅलेंडरसाठी त्याने शेजारच्या म्हाताऱ्या चतुराबाईचा पितळी तांब्या मागून आणला. बाजूच्या दिव्यात तांब्यावर कोरलेलं नाव ठळक उमटायचं, म्हणून त्याने ते पॉलिशपेपरने घासून काढलं. फोटो झकास आला. स्टुडिओचे मास्तर मात्र तांब्या पाहून हळूच म्हणाले, “दिवा वीतभर समोर सरकवला असता तं नाव दिसलंच नसतं, बाबू.” म्हातारीला अक्षरओळख नाही, एवढ्याच भरवशावर जगदेव तांब्या परत द्यायला गेला. लखलखता तांब्या पाहून ती हसली. मग तिचा अंगठा सवयीने पितळेवरून फिरला, थबकला, पुन्हा फिरला. “हा माहा नोय, बापू. माह्यावर माही विजू हाये. पोरगी वारल्यापासून रोज हात फिरते माहा तिच्यावर.” “बदलला असन, पाहतो,” जगदेव म्हणाला, आणि तिचाच तांब्या घेऊन निघाला.