रिकामा पाइप

"अंगण फोडावंच लागेल," मिस्त्रीनं फरशीवर खडूची रेघ ओढली. मोटरवर चालणाऱ्या फाटकाची वायर जमिनीखाली पाइपातच जळून चिकटली होती आणि परवा याच अंगणात मुलीचा साखरपुडा होता. घरमालक सरनोबतांचं तोंड उतरलं.

वायरमन कुंदाताई मात्र फाटकाच्या खांबाजवळची माती उकरू लागल्या. फरशी बसवण्याआधी त्यांनी हट्टानं वायरच्या पाइपाशेजारी आणखी एक रिकामा पाइप पुरून आत नायलॉनची दोरी ओवून ठेवली होती. "उंदरांना राहायला का?" सरनोबत तेव्हा हसले होते.

दोरीच्या एका टोकाला नवी वायर बांधून कुंदाताईंनी दुसरीकडून ओढली, तशी ती सरसरत बाहेर आली. ती मोटरला जोडताच फाटक दिमाखात उघडलं.

सरनोबत स्वतः वाकून खडूची रेघ पुसू लागले.

कुंदाताई म्हणाल्या, "साहेब, उंदरांना आता दुसरी जागा बघायला सांगा!"