बॅट्राकोमायोमाकिया

नव्या पाटीवर ‘वाचनालय’ लिहायचं की ‘ग्रंथालय’, यावरून कार्यकारिणीत दोन गट पडले आणि गावातल्या एकुलत्या एक वाचनालयाला कुलूप लागलं. परीक्षेची पोरं बाहेर पायऱ्यांवर उन्हात अभ्यास करू लागली.

शेवटी शाळेच्या हॉलमध्ये सभा भरली, तेव्हा नाडगौडाबाई उठल्या. निवृत्त प्राध्यापिका. वाचनालयाचा बालविभाग त्यांनीच उभा केलेला.

“याला बॅट्राकोमायोमाकिया म्हणतात,” त्या म्हणाल्या. “एका जुन्या ग्रीक काव्यात बेडूक आणि उंदीर महायुद्ध लढतात. त्यावरून फुसक्या भांडणाला हे नाव पडलं. आता कुलूप उघडा.”

दोन्ही गट एकमेकांकडे बघू लागले. बाईंना वाटलं, लागलं वाटतं मनाला.

अध्यक्ष खराडेंनी घसा खाकरला. “बाई, यात बेडूक कोण?”

“आणि आम्ही उंदीर का?” विरोधी गटाचे रेगे उठले.

थोड्याच वेळात वर्षातला पहिला एकमताचा ठराव झाला: नाडगौडाबाईंचं सभासदत्व रद्द. खराडेंनी मांडला, रेग्यांनी अनुमोदन दिलं.

बाई दाराशी चपला घालत होत्या. आत खराडे आणि रेगे एकाच बशीतली भजी खात होते. कुलपाचा विषय वेळेअभावी पुढच्या सभेवर ढकलला होता.