ताईंचा कायदा

न्यायाधीश खुर्चीत बसले. समोर पिंजऱ्यात पोरगा उभा होता, पण त्यांची नजर आधी मागच्या बाकावर गेली. तिथे त्याची आई बसली होती. दोघांनी एकमेकांना लगेच ओळखलं.

न्यायाधीश मूळचे वकील, पण काही वर्षांपूर्वी आमदार होते. दारू प्यायलेल्या ड्रायव्हरनं तिच्या थोरल्या मुलाला उडवून मारलं आणि थोडक्या शिक्षेवर सुटला, तेव्हा हेच घरी आले होते. "ताई, असा कायदा आणतो, की पुन्हा कुणी सुटणार नाही," म्हणाले. आणलाही. नशेत गाडी चालवून माणूस मारला तर दहा वर्षं. वय, पहिलीच चूक, काही बघायचं नाही. मंजुरीच्या दिवशी तिला सभागृहाच्या गॅलरीत बसवलं होतं. सगळे आमदार तिच्याकडे वळून बाकं वाजवत होते. लोक त्याला ताईंचा कायदाच म्हणायला लागले. त्यावर आमदारांचं नाव झालं, आणि पुढे ते या खुर्चीपर्यंत पोचले.

"साहेब, कोवळं पोर आहे," वकील म्हणाला. "मित्रांनी आग्रह केला म्हणून प्यायला. धडक बसल्यावर पळाला नाही. तो वॉचमन वाचला नाही, पण त्याला यानंच उचलून दवाखान्यात नेलं."

"याला सूट देता येईल असं कायद्यात कुठे लिहिलंय?"

"नाही लिहिलेलं, साहेब."

"मुद्दामच नाही लिहिलं."

आई उठली. शिपाई तिला खाली बसवायला धावला.

"बोलू द्या त्यांना," न्यायाधीश म्हणाले.

"भाऊ, कुणाला सोडू नका असं तेव्हा मीच म्हणाले होते. चुकलं माझं. तेवढं खोडून टाका त्यातलं."

न्यायाधीशांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"ताई, कायदा बदलणं आमदारांचं काम. मी आता आमदार नाही."

मग त्यांनी दहा वर्षं सुनावली. पोलिसांनी धाकट्याला दंडाला धरून नेलं. दारापर्यंत तो मान वळवून आईकडे बघत राहिला.

बाहेर व्हरांड्यात वॉचमनची बायको उभी होती. ती सगळा वेळ आतच बसली होती, सगळं ऐकत. ती पुढे आली आणि आईचा हात तिनं दोन्ही हातांत धरला.

"तुमचा कायदा होता म्हणून झालं हो. नाहीतर आम्हाला कोण विचारतं?"

आईनं तिच्या बोलण्यात टोमणा शोधला. नव्हता.