नेमकी आजच

नवऱ्याच्या गॅरेजचा फोन मीच घेते. मोटरसायकल सुरू होत नाही असं कुणी म्हटलं, की ह्यांनीच पढवलेलं वाक्य ऐकवते, "आधी हँडलवरचं लाल बटण बघा. ते बंद राहिलं तर कितीही किका मारा, गाडी सुरू होणार नाही."

आज माझ्या नोकरीचा पहिला दिवस. कंपनी शहराबाहेर, तिकडे बस जात नाही. खांद्याला पर्स अडकवून मी दारात उभी, आणि नेमकी आमचीच गाडी रुसलेली. ह्यांनी प्लग काढून घासला, पेट्रोलची नळी फुंकली, किका मारून मारून घामाघूम झाले. शेजारचे काका म्हणालेसुद्धा, "बायकोसाठी किती राबतोय बिचारा."

शेवटी हे फडक्याला हात पुसत म्हणाले, "तुझं नशीबच फुटकं, त्याला मी काय करू? कळवून टाक त्यांना, जमत नाही म्हणून. फोन घ्यायचं काम काय कमी आहे तुला इथे?"

मी पुढे झाले, बंद असलेलं लाल बटण चालू केलं आणि म्हटलं, "आता मारा किक."



ह्यांनी किक मारली नाही.